टॉम विल्स आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलची पहिली वर्षे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियन रुल्स फुटबॉल, म्हणजे तिकडच्या बोलीत 'फूटी', या खेळाचा इतिहास उघडला की पहिल्याच पानावर टॉम विल्स भेटतो. त्याच्याबद्दल लिहिलेले बरेच काही अर्धे खरे असते. म्हणून नेहमी येणारे प्रश्न आणि कागदपत्रांवर टिकणारी उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

टॉम विल्स कोण होता?

पूर्ण नाव थॉमस वेंटवर्थ विल्स. जन्म १९ ऑगस्ट १८३५, न्यू साउथ वेल्स वसाहतीत. आजोबा इंग्लंडमधून शिक्षा होऊन आलेले कैदी, तर वडील होरेशिओ विल्स मेंढ्यांचे मोठे मालक. दोन पिढ्यांत घराणे कुठून कुठे गेले ते यावरून दिसते. टॉम लहान असतानाच कुटुंब आजच्या व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिम भागात, ग्रॅम्पियन्स डोंगरांजवळ मुक्कामाला गेले. हा जाब वुरुंग या आदिवासी लोकांचा प्रदेश. टॉम त्यांच्या मुलांबरोबर वाढला आणि त्यांची भाषा व गाणी शिकला. १८५० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याला इंग्लंडमधल्या रग्बी स्कूलमध्ये पाठवले. तिथे तो शाळेच्या क्रिकेट संघाचा कप्तान झाला आणि शाळेचे ते प्रसिद्ध दांडगे फुटबॉलही खेळला. १८५६ च्या अखेरीस मेलबर्नला परतला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि वसाहतीतला सर्वांत नावाजलेला क्रिकेटपटू ठरण्याच्या बेतात होता.

ऑस्ट्रेलियन फुटबॉल त्याने एकट्याने 'शोधून काढले' का?

नाही. मेलबर्नमध्ये त्याच्या आधीही लोक चेंडूला लाथा मारत होते, फक्त प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे. विल्सचे काम तीन ठिकाणी ठळक दिसते: संघटना हवी असे त्याने छापील पत्रातून मांडले, सुरुवातीच्या सामन्यांत पंच आणि कप्तान म्हणून तो उभा राहिला, आणि १८५९ चे लेखी नियम करणाऱ्यांत तो होता. 'जनक' हा शब्द वापरायचाच असेल तर अनेकवचनात वापरावा.

१० जुलै १८५८ चे पत्र एवढे महत्त्वाचे का?

'बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया' या मेलबर्नच्या क्रीडासाप्ताहिकात ते छापून आले. त्याचा मुद्दा साधा होता. क्रिकेटचा हंगाम संपला की खेळाडू हिवाळाभर सुस्तावतात, तेव्हा फुटबॉल क्लब काढावा आणि तीन किंवा अधिक जणांच्या समितीने नियमावली बनवावी. फुटबॉल जमत नसेल तर निदान रायफल क्लब तरी काढा, असेही त्यात आहे. म्हणजे विल्सच्या डोक्यात तेव्हा फुटबॉल हा क्रिकेटपटूंना तंदुरुस्त ठेवणारा हिवाळी जोडखेळ होता, राष्ट्रीय खेळ वगैरे नव्हता. पत्रातली खरी वजनदार सूचना नियमावलीची. 'चला खेळूया' कोणीही म्हणेल. विल्स म्हणाला, आधी नियम लिहा.

पहिला सामना नेमका कोणता?

इथे बहुतेक लेखांत गल्लत होते, कारण तीन वेगळ्या तारखा एकमेकींत मिसळल्या जातात.

३१ जुलै १८५८ ला मेलबर्न क्रिकेट मैदानाला लागून असलेल्या रिचमंड पॅडॉकमध्ये आयत्या वेळी संघ पाडून एक खेळ झाला. ७ ऑगस्ट १८५८ ला त्याच ठिकाणी स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या शाळांचा सामना सुरू झाला. प्रत्येक बाजूला सुमारे ४० खेळाडू, दोन गोलांमधले अंतर जवळपास अर्धा मैल म्हणजे ८०० मीटरच्या आसपास, पंच टॉम विल्स आणि जॉन मॅकॅडम. एका दिवसात निकाल लागेना, म्हणून २१ ऑगस्ट आणि ४ सप्टेंबरला पुन्हा खेळले, तरीही १-१ अशी बरोबरीच राहिली. तिसरी तारीख १७ मे १८५९ ची, नियम लिहिले गेले तो दिवस.

शाळांचा सामना लेखी नियमांच्या आधीचा आहे, त्यामुळे त्याला 'ऑस्ट्रेलियन नियमांनुसार झालेला पहिला सामना' म्हणणे चूक. 'ज्याची नोंद आहे असा सुरुवातीचा मोठा सामना' एवढे म्हणावे.

१८५९ चे नियम कोणी, कुठे लिहिले?

मेलबर्न फुटबॉल क्लब १४ मे १८५९ ला स्थापन झाला. तीन दिवसांनी, १७ मे रोजी, जेरी ब्रायंट यांच्या परेड हॉटेलात समिती बसली. हे हॉटेल क्रिकेट मैदानापासून हाकेच्या अंतरावर, आणि ब्रायंट स्वतःही क्रिकेटपटू. चर्चेत मुख्यतः चौघे: विल्स, विल्यम हॅमर्सली, जे. बी. थॉम्प्सन आणि थॉमस स्मिथ. हॅमर्सली आणि थॉम्प्सन केंब्रिजला शिकलेले आणि वृत्तपत्रांत लिहिणारे, स्मिथ आयर्लंडहून आलेले शिक्षक. नियमपत्रकावर याशिवाय ब्रूस, स्यूएल आणि बटरवर्थ यांचीही नावे आहेत. हस्तलिखित पत्रक टिकले आहे आणि मेलबर्न क्रिकेट क्लबच्या संग्रहात आहे.

ते दहा नियम काय सांगतात?

सगळे मिळून एका कागदावर मावतात. क्रमाने अर्थ असा:

१. गोलांमधले अंतर आणि गोलखांबांमधली रुंदी दोन्ही कप्तानांनी ठरवायची.
२. नाणेफेक जिंकणारा बाजू निवडतो, हरणाऱ्या संघाने मध्यबिंदूवरून पहिली किक मारायची.
३. चेंडू खांबांना किंवा कोणत्याही खेळाडूच्या अंगाला न लागता, लाथेनेच दोन्ही खांबांमधून गेला तर गोल.
४. मैदानाची रुंदी २०० यार्डांपेक्षा, म्हणजे सुमारे १८३ मीटरपेक्षा जास्त नको. गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना २० यार्डांवर आणखी एकेक खांब.
५. चेंडू गोलामागे गेला तर त्या बाजूच्या खेळाडूने तो २० यार्ड पुढे आणून समोरच्या गोलाच्या दिशेने लाथाडायचा.
६. लाथेने आलेला चेंडू थेट झेलणारा 'मार्क' असे ओरडू शकतो. मग त्याला फ्री किक, आणि त्या खुणेच्या आत प्रतिस्पर्ध्याने यायचे नाही.
७. वेगात पळणाऱ्याला किंवा चेंडू असणाऱ्याला पायात पाय घालून पाडणे व ढकलणे चालेल, पण नडगीवर लाथ मारणे चालणार नाही.
८. चेंडू हातात घ्यायचा तो लाथेवरून झेलून किंवा टप्प्यावर. जमिनीवरून उचलायचा नाही.
९. चेंडू सीमेबाहेर गेला तर जिथून गेला तिथूनच, सीमारेषेशी काटकोनात आत फेकायचा.
१०. खेळ चालू असताना चेंडू कधीही हाताने फेकायचा नाही.

आजच्या खेळात यातले काय उरले?

सहावा आणि दहावा नियम जवळजवळ तसेच आहेत. आज मार्कसाठी चेंडू किमान १५ मीटर प्रवास करून आलेला असावा लागतो, एवढीच भर. फेकायला बंदी असल्यानेच फूटीत हॅंडबॉल ही चमत्कारिक वाटणारी पद्धत आली: चेंडू एका तळहातावर धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. चौथ्या नियमातल्या जादा खांबांची वंशावळ आजच्या चार खांबांपर्यंत येते. मधल्या दोघांतून गेला तर गोल, ६ गुण; बाजूच्यातून गेला तर 'बिहाइंड', १ गुण. मात्र हा १ गुण धावफलकात धरायला १८९७ उजाडावे लागले. विल्सच्या हयातीत फक्त गोल मोजत. सातव्या नियमातले पायात पाय घालणे पुढे बाद झाले.

आणि जे लिहिलेलेच नाही ते सर्वांत महत्त्वाचे: दहा नियमांत ऑफसाइड कुठेच नाही. रग्बीत चेंडूच्या पुढे उभा राहिलात की तुम्ही खेळाबाहेर. इथे तुम्ही वाटेल तिथे उभे राहा. फूटीचा सगळा मोकळेपणा या गाळलेल्या जागेतून आला आहे.

विल्सने रग्बी स्कूलचेच नियम आणले, हे खरे का?

त्याला आणायचे होते, एवढेच खरे. हॅमर्सलीच्या आठवणींनुसार विल्सने रग्बीचे नियम सुचवले, पण ते त्याच्याशिवाय कोणालाच नीट कळेनात. समितीपुढे रग्बीबरोबर ईटन, हॅरो आणि विंचेस्टर या शाळांच्या पद्धतीही होत्या आणि तिने प्रत्येकातून थोडे घेऊन बाकीचे टाकले. नडगीवर लाथा मारण्याची रग्बीतली मुभा गेली. कारण व्यावहारिक होते. मेलबर्नचे मैदान इंग्लंडच्या हिरवळीसारखे मऊ नव्हते, खेळणारे शाळकरी पोरे नसून सोमवारी कामावर हजर राहायचे असलेले पुरुष होते. मोडलेला पाय घेऊन कचेरीत कोण जाणार! विल्सनेही भावाला लिहिताना हा मुद्दा मान्य केला होता.

आमच्या मते विल्सच्या कारकिर्दीचे मर्म इथे आहे. त्याचे वजन मोठे होते, तरी समितीत त्याच्या बऱ्याच मागण्या हरल्या, आणि त्या हरल्या म्हणून हा खेळ रग्बीची नक्कल न होता वेगळा झाला.

तो कोणत्या संघांकडून खेळला? किती सामने, किती गोल?

मुख्यतः मेलबर्न, रिचमंड आणि जिलाँग. १८६४ नंतरचा मोठा काळ जिलाँगचा. १८७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो मैदानात होता.

सामन्यांचा आणि गोलांचा पक्का तक्ता मागू नका, आणि कुठे दिसला तर सावध राहा. कारणे अशी. संघबदल बिनबोभाट होत असे, करार वगैरे काही नव्हते, एकच माणूस एका हंगामात दोन संघांतून दिसू शकतो. संघात वीस, पंचवीस किंवा आणखी खेळाडू असत आणि वार्ताहर सगळ्यांची नावे देत नसत. १८६० च्या दशकात बहुतेक सामने 'जो आधी दोन गोल करेल तो जिंकला' या पद्धतीचे, त्यामुळे कित्येक शनिवार एकही गोल न होता अंधार पडून संपत. आजच्या खेळाडूसारखी गोलांची बेरीज त्या काळाला लावली तर चांगला खेळाडूही शून्यावर बसलेला दिसेल.

मग तो खेळाडू म्हणून चांगला होता हे कशावरून म्हणायचे?

समकालीन वृत्तांतांवरून, आणि मुख्यतः कप्तान म्हणून. त्या काळचे फुटबॉल म्हणजे चेंडूभोवती जमलेला घोळका. जिकडे चेंडू तिकडे चाळीस माणसे. ऑफसाइड नाही याचा अर्थ विल्सला लवकर उमगला. १८६० मध्ये रिचमंडचा कप्तान असताना त्याने आपली माणसे घोळक्यातून काढून बचावापासून आक्रमणापर्यंत मैदानभर पेरली. चेंडू सुटला की तो पुढच्या मोकळ्या माणसाकडे जावा, ही कल्पना आज शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा ती नवी होती. वादही त्याने भरपूर ओढवून घेतले. नियमाच्या काठावर खेळायचे, मग वृत्तपत्रात पत्र लिहून भांडायचे, ही त्याची जुनी खोड.

तेव्हा ते उंच उडी मारून घेतलेले झेल होते का?

नाही. खांद्यावर चढून घेतलेला मार्क ही नंतरच्या पिढीची देणगी. धावताना चेंडू टप्पा देत नेण्याचा नियमही १८५९ चा नाही. तो १८६६ च्या सुधारित नियमांत आला: दर पाच-सहा यार्डांवर चेंडू जमिनीला लावायचा. आज हे अंतर १५ मीटर आहे.

मारनग्रूक या आदिवासी खेळावरून फूटी आली का?

हा सर्वांत तापलेला प्रश्न. माहीत असलेल्या गोष्टी अशा. आग्नेय ऑस्ट्रेलियातले आदिवासी पोसम या झाडावर राहणाऱ्या छोट्या प्राण्याच्या कातड्याचा चेंडू उंच लाथाडून झेलण्याचा खेळ खेळत, याच्या एकोणिसाव्या शतकातल्या लेखी नोंदी आणि चित्रे आहेत. विल्स लहानपणी जाब वुरुंग मुलांत वाढला, हेही पक्के. म्हणून त्याने तो खेळ पाहिला असण्याची शक्यता मोठी.

पण विल्सच्या उपलब्ध पत्रांत किंवा समितीच्या कागदांत मारनग्रूकचा उल्लेख सापडत नाही. त्याचे चरित्रकार ग्रेग डी मूर यांनाही तसा पुरावा मिळाला नाही, आणि इतिहासकार जिलियन हिबिन्स यांनी २००८ मध्ये ही कथा स्पष्ट शब्दांत नाकारली. उलट बाजू म्हणते की ज्यांचे जगणेच कागदावर आले नाही त्यांचा प्रभाव कागदावर शोधणे हीच चूक. युक्तिवाद बिनतोड नाही, पण झटकून टाकण्यासारखाही नाही. लिहिताना 'सिद्ध झाले' आणि 'खोटे ठरले' हे दोन्ही शब्द टाळावेत. १८५९ च्या नियमांचा कागदोपत्री माग इंग्लिश शाळांकडे जातो, एवढे ठामपणे म्हणता येते.

१८६१ ते १८६४ या काळात तो फुटबॉलमधून गायब का?

१८६१ च्या सुरुवातीला वडील त्याला घेऊन क्वीन्सलंडला नवी वसाहत करायला निघाले. बरोबर दहा हजारांवर मेंढ्या. महिनोन्‌महिने चालून ते स्प्रिंगशुअरजवळच्या कलिन-ला-रिंगो इथे पोहोचले. १७ ऑक्टोबर १८६१ ला आदिवासींनी तळावर हल्ला केला आणि होरेशिओसह १९ जण मारले गेले. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात आदिवासींच्या हातून वसाहतवाल्यांची एवढी मोठी हत्या दुसरी नाही. सामान आणायला गेल्यामुळे टॉम वाचला. शेजारच्या गोऱ्या मालकाने मेंढ्यांच्या चोरीच्या संशयावरून आधी आदिवासींवर गोळ्या झाडल्या होत्या, त्याचा हा सूड, असे विल्स कुटुंबातूनच पुढे सांगितले गेले.

त्यानंतर पोलिस आणि वसाहतवाल्यांनी तिथल्या गायिरी या आदिवासी लोकांचे जे शिरकाण केले, त्यातल्या मृतांचे अंदाज शेकड्यांत जातात. विल्स स्वतः त्यात होता का? २०२१ मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्रातला १८९५ चा निनावी लेख पुढे आला आणि त्यात तसा दावा आहे. लेख घटनेनंतर ३४ वर्षांनी छापलेला आणि त्यात चुकाही आहेत, म्हणून अभ्यासकांत मतभेद आहेत.

आणि तरीही त्याने आदिवासी क्रिकेट संघाला शिकवले?

हो, वडिलांच्या हत्येनंतर पाचच वर्षांनी. पश्चिम व्हिक्टोरियातल्या एडनहोपजवळच्या मेंढीकुरणांवर काम करणाऱ्या आदिवासी खेळाडूंचा तो कप्तान आणि प्रशिक्षक झाला. २६ डिसेंबर १८६६ ला, बॉक्सिंग डेच्या दिवशी, हा संघ मेलबर्न क्रिकेट मैदानावर हजारोंच्या गर्दीपुढे उतरला. त्यांच्याशी बोलताना विल्स लहानपणीची भाषा वापरत असे. पुढचा सिडनी दौरा मात्र पैशाच्या घोळात बुडाला. १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेला आदिवासी संघ चार्ल्स लॉरेन्सच्या नेतृत्वाखाली गेला, विल्सच्या नव्हे. तिथे ४७ सामने झाले: १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित.

या संघाचा सर्वांत मोठा खेळाडू उनारिमिन ऊर्फ जॉनी मुलाग. बॉक्सिंग डे कसोटीच्या सामनावीराला आता मुलाग पदक देतात, आणि २०२० मध्ये ते पहिल्यांदा मिळाले अजिंक्य रहाणेला, त्या ११२ धावांच्या खेळीबद्दल.

क्रिकेटमध्ये त्याच्यावर फेकीचा ठपका होता का?

होता. वर्षानुवर्षे कुजबुज होती, आणि १८७२ मध्ये न्यू साउथ वेल्सविरुद्ध पंचांनी नोबॉल दिले. ज्या माणसाच्या फुटबॉल नियमावलीत 'फेकायचे नाही' असे लिहिले होते त्याच्यावरच ही वेळ आली!

त्याचा शेवट कसा झाला?

दारूने. पैसा संपला, क्लबांनी हात झटकले, शेवटची वर्षे जोडीदार सेरा बार्बरसोबत मेलबर्नबाहेरच्या हायडलबर्गमध्ये गेली. दारू तुटल्यावर येणाऱ्या भ्रमाच्या अवस्थेत त्याला मेलबर्न हॉस्पिटलात दाखल केले, तिथून तो निघून आला, आणि २ मे १८८० ला त्याने आत्महत्या केली. वय ४४. शंभर वर्षे थडग्यावर साधा दगडही नव्हता. तो १९८० मध्ये बसला.

मग जुन्या पुस्तकांत 'जनक' म्हणून एच. सी. ए. हॅरिसनचे नाव का?

हॅरिसन विल्सचा नात्यातला भाऊ आणि बहिणीचा नवरा, म्हणजे मेहुणाही. तो उत्तम खेळाडू होता आणि १८६६ च्या नियमसुधारणेत पुढे होता, पण १८५९ च्या समितीत नव्हता. तरी मान त्याला मिळाला, कारण तो १९२९ पर्यंत, ९२ वर्षे जगला. खेळाच्या जुबिलीच्या समारंभाला खुर्चीत बसायला जिवंत, निर्व्यसनी, प्रतिष्ठित म्हातारा हवा असतो. बदनाम होऊन मेलेला मेहुणा तिथे कोणाला आठवणार?

ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडण्याच्या मोहिमेवर गेलेल्या 'बर्क आणि विल्स' या जोडीतला विल्स हाच का?

नाही. तो विल्यम जॉन विल्स. त्याचा मृत्यूही १८६१ मध्येच झाला, म्हणून शोधात दोघांच्या बातम्या एकमेकांत घुसतात. नातेही नाही.

मूळ बातम्या स्वतः वाचायच्या असतील तर?

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे 'ट्रोव्ह' हे संकेतस्थळ फुकट आहे. आधी तारखांची मर्यादा घाला: १८५७ ते १८७६. शनिवारच्या सामन्याची बातमी दैनिकांत बहुधा सोमवारी येते, त्यामुळे 'द आर्गस' शोधताना दोन दिवस पुढची तारीख पाहा. फुटबॉल हा शब्द तेव्हा जोडरेघ घालून दोन तुकड्यांत लिहीत. दोन्ही प्रकारे शोधा. यंत्राने वाचलेल्या जुन्या छपाईत विल्सचा 'मिल्स' किंवा 'विलिस' होतो. आडनाव एवढेच दिसले तर थांबा, कारण टॉमचे धाकटे भाऊही खेळत आणि एगबर्ट तर क्रिकेटमध्ये नाव काढलेला. टी. डब्ल्यू. ही आद्याक्षरे असतील तरच नोंद टॉमच्या खात्यावर घाला.

मेलबर्नमध्ये राहतो, अर्ध्या दिवसात काय पाहता येईल?

जॉलिमाँट स्टेशनला उतरा. समोरचा यारा पार्क म्हणजे जुने रिचमंड पॅडॉक. मेलबर्न क्रिकेट मैदानाच्या स्टेडियमबाहेर १८५८ च्या शाळांच्या सामन्यात पंचगिरी करणाऱ्या विल्सचा ब्राँझचा पुतळा आहे, लुई लॉमेन यांनी घडवलेला. मग पुन्हा त्याच हर्स्टब्रिज मार्गावरची गाडी पकडून हायडलबर्गला जा. तिथल्या वॉरिंगल दफनभूमीत त्याचे थडगे आहे. बालपणीचा मॉइस्टन परिसर मात्र अरारातच्या पलीकडे आहे, त्यासाठी गाडी आणि वेगळा दिवस लागेल.